छाट

आजचं चौथं उतरणं. सांबरा, रात्रीचे नऊ चाळीस.
भरमाण्णानं चाकाला ठोकळा लावला,
दोन्ही अंगठे एकमेकांना भिडवून दाखवले.
कंपनीचं घड्याळ लवकरच थांबतं.
माझं चालूच,
कॉलेज रोडच्या लॉजवर पोचेपर्यंत,
खाली हॉलमध्ये कुणाच्या तरी हळदीचा बँजो
साडेबाराला दम टाकेपर्यंत.
कागदावर याला विश्रांती म्हणतात.

कॅप्टन मस्करेन्हसनी जाताना दुमडलेला कागद दिला.
"वाच. घाई नाही. पण सोमवारपर्यंत."
पायलटांची संघटना.
नाव, लायसन्स क्रमांक, सही.
बावीस ओळी भरलेल्या, तेविसावी रिकामी.
माझ्या ट्रेनिंगच्या कर्जाचे सतरा हप्ते बाकी.

सकाळी निपाणीची बस. कंडक्टरनं आधार बघून
शून्याचं तिकीट फाडलं.
घरी दत्तूमामा हसून लोळायचाच बाकी:
"विमानवाल्यांची युनियन? मग हत्तीनं बी
रेशनकार्ड मागावं की!
खांद्यावर सोनेरी पट्ट्या अन् तोंडात झिंदाबाद."
मला उत्तर सुचलं नाही.
माझा एका महिन्याचा पगार
आईनं किती वर्षांत वळला,
तो हिशेब मी एकदाच केला होता,
परत कधी केला नाही.

आई उंबऱ्यात. मांडीवर सूप नाही,
पाला नाही, जर्दा नाही,
तरी बोटं हवेतच वळत होती.
"पैशाचं ऱ्हाऊ दे," म्हणाली.
"मोजतंय कोण, तेवढं सांग."
कंपनी, मी म्हटलं.
"आणि छाटतंय कोण?"

हजार बिड्या दिल्या की चेकर
मूठभर बाजूला काढायचा.
ही वाकडी, ही ढिली, हिचं तोंड उघडं.
छाटीचे पैसे नाहीत.
"पण टाकून देत नव्हता गं मेला. विकायचाच की."

मला मंगळवार आठवला.
धुक्यात दार लावून उभं विमान, तीन तास.
चाक हललं नाही म्हणून भत्ता नाही.
आणि परवाची रात्र, जी कुणाला सांगितली नाही:
घटप्रभेवर कुठंतरी डोळा लागला.
दोन श्वास असतील.
मागं अडुसष्ट माणसं.
शेजारी कॅप्टन बघत नव्हते,
की त्यांचेही दोन श्वास तेव्हाच,
हे मी त्यांना विचारलेलं नाही.
त्यांनी मला कागद दिला.

"तू सही केलीस तेव्हा भ्यालीस?"
"सही कुठली. अंगठा.
हात असा थरथरला, ठसा दोनदा उमटला.
बाई म्हणाल्या, असू दे, चालतोय."

संध्याकाळी परत सांबऱ्याला.
भरमाण्णाला सगळं कळलेलं. त्याला नेहमीच कळतं.
धावपट्टीच्या पूर्व टोकाखाली
त्याच्या आज्याचं जोंधळ्याचं रान आहे.
चार वर्षांत हा तिसरा ठेकेदार;
गळ्यातल्या कार्डाचा रंग तेवढा बदलतो.
"म्याडम, त्यात आमचं नाव चालतंय काय?"
मी कागद बघितला, जणू पाठ नव्हता.
लायसन्स क्रमांकाचा रकाना.
"नाही चालत."
"बरं," म्हणाला,
आणि माझीच बॅग उचलायला वाकला.
मी उचलू दिली नाही.
त्यानं काय झालं? काहीच नाही.

कॉकपिटमध्ये, गुडघ्यावर, तेविसावी ओळ भरली.
अक्षर किरटं आलं.
समासात पेन्सिलीनं लिहिलं: *ठोकळेवाले?*
कॅप्टननी वाचलं. खोडलं नाही,
हो पण म्हणाले नाहीत.
"आधी आपलं तरी उभं राहू दे," एवढंच.
हेच असंच म्हणत म्हणत
आणखी किती मुठी बाजूला निघतात, कोण जाणे.

काचेबाहेर भरमाण्णानं ठोकळा ओढला,
दोरीसकट वर धरून दाखवला.
मग अंगठा.
मीही केला,
कुठल्याच कागदावर नाही.
उजवा पंखा फिरू लागला.
त्या आवाजात तो काहीतरी बोलला.
ऐकू आलं नाही.