अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी

खाडीकडच्या सेक्टरांत पैंजण
पंधरवड्यात काळे पडतात.
ऐरोलीच्या बायका सोनाराला शिव्या घालतात.
मी म्हणते, ओहोटीला
नाल्याकडची खिडकी उघडा आणि श्वास घ्या.
तोच वास एसीत शिरतो,
तांब्याची नळी आतल्या आत खातो.
तीन वर्षांत गॅस गेला.
कंपनीचा पोरगा फॉर्मवर लिहितो : वापरात दोष.

आमच्या पाटीवर अजून 'रेडिओ' आहे.
खाली 'मढवी आणि मुलगी'.
त्यातलं 'आणि मुलगी' मी नंतर रंगवलं.

गेल्या मंगळवारी, रात्री सव्वानऊला,
खांबाजवळच्या पेटीत न्यूट्रल सुटला.
गल्लीतले दिवे आधी अति पांढरे झाले,
लग्नात व्हिडिओवाला तोंडावर मारतो तसे.
पंखे पिसाटले.
मग एकेका घरातून जळका वास.
सकाळी शटर वर करते तर अठरा जण.
तावडेकाकूंनी मिक्सर टॉवेलात आणलेला,
तापातलं पोर आणावं तसा.
"कालपर्यंत चांगला होता गं."

कालपर्यंत सगळंच चांगलं असतं.
न्यूट्रलचं सोडा, ते एका रात्रीचं.
बाकीचं हळूहळू मरतं.
कपॅसिटरचं पोट सहा महिने वर येत होतं,
टीव्ही लागायला जरा वेळ घेत होता,
तुम्ही म्हणालात, म्हातारा झाला.
आठ रुपयांचा तुकडा.
त्याच्यापायी चाळीस हजारांची काच भंगारात जाते.

एक पाल मी कागदात जपून ठेवलीय.
एसीच्या बाहेरच्या डब्यात, दोन पट्ट्यांवर आडवी,
उबेला आली होती.
गिऱ्हाइकाला पटत नसलं की पुडी उघडते.
मग पटतं.

सांगते काय, फारसं नाही.
फ्रीजलाही पाठ असते, भिंतीपासून वीतभर पुढे ओढा.
टीव्हीवरचं विणलेलं झाकण चालू करण्याआधी काढा,
सासूबाईंनी विणलेलं असलं तरी.
लाइट गेली की बटणं बंद करा,
परत येताना ती नीट चालत येत नाही,
धडका देत येते.
व्होल्टेज चढलं की तोडणारा डबा मीटरजवळ बसवून घ्या,
लग्नातल्या एका साडीपेक्षा स्वस्त पडतो.
बोर्डाला वार्निश मी मारते,
नेलपॉलिशच्या जुन्या ब्रशने, वेगळे पैसे घेत नाही.
आणि तिसरी पिन कापू नका.

ती वरची, जाड, पितळेची.
भोकात बसत नाही म्हणून लोक पक्कडीने उडवतात.
दोनच पाय उरलेले प्लग
बाबा फुकट बदलून देतात,
जुने बिस्किटाच्या डब्यात टाकतात.
एक डबा भरला. दुसरा अर्धा झालाय.

आई अजून फ्रीज उघडताना चप्पल घालते,
दांड्याला कोरडं फडकं लावते.
सव्वीस वर्षं झाली.
तळहातावर डाग आहे, तूरडाळीएवढा.
त्या फ्रीजचा प्लग कुणी कापला होता
ते आमच्या घरात कुणी विचारत नाही.

उन्हाळ्यात, दुकान बंद केल्यावर,
बाबा मागच्या दारी बादली घेऊन जातात.
खाली कोळसा, मीठ, आणि खोल उभी तांब्याची पट्टी.
वर फक्त ओलसर गोल माती.
नवा भाडेकरू गच्चीतून विचारतो, काका, काय लावलंय?
बाबा म्हणतात, अजून उगवलं नाही.

मग घरात येऊन शंभरचा बल्ब धरतात,
एक तार फेजला, एक तार मातीकडून आलेली.
मी पंखा बंद करते.
आई स्वयंपाकघराच्या दारात, चपलांसकट.

बल्ब लागतो, पण लालसर,
राखेतल्या निखाऱ्यासारखा.

"अजून एक बादली," बाबा म्हणतात.
नळाला पाणी साडेदहापर्यंतच असतं.
मी उठते.