साधा भविष्यकाळ, मंगळवारी

ग्रिम्स्बीच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
साडेसहाला ग्लेनिस ऑल्डरसन
फळ्यावर एकच शब्द लिहिते: विल.
गोदीकडून हॅडकचा वास येतो,
तीऊच्या केसांतूनही. ती थेट पाळीवरून आली आहे,
बोटांवर अजून बर्फाची लाली.

"सोपं आहे," ग्लेनिस म्हणते. "विल लावा, पुढे क्रियापद,
उघडं, आईनं जन्माला घातलं तसं.
एस नाही, ईडी नाही, टू तर नाहीच नाही.
मी असो, तू असो, ती असो, सगळं गाव असो,
विलला कुणाचं काही पडलेलं नाही."

मी मागे बसून कपांत दूध ओतते, मनात म्हणते,
आमच्यात असं नाही बाई.
जाईन, जाशील, जाईल, जातील,
आमचं क्रियापद माणूस बघून शेपूट हलवतं,
कोण जाणार ते ठरल्याशिवाय उंबराच ओलांडत नाही.

तीऊ हात वर करते. "एस्टोनियन भाषेत भविष्यकाळच नाही."
सगळे हसतात.
"नाही म्हणजे नाही. वर्तमान वापरतो,
शेजारी 'उद्या' ठेवतो. भागतं."
"आणि उद्या आलाच नाही तर?" शेर्को विचारतो. तो न्हावी,
त्याला प्रत्येक वाक्याच्या कानामागचे केस दिसतात.
"तर वाक्य खोटं पडतं," तीऊ म्हणते. "काळ नाही."

नकाराशी येऊन ग्लेनिस जरा ओशाळते.
विल आणि नॉट मिळून वोन्ट का,
विलन्ट का नाही, हे तिलाही सांगता येत नाही.
लग्नात आलेली कुरूप फुलदाणी दाखवावी
तसं ती म्हणते, "पाठच करा."
प्रश्न मात्र तिला आवडतात. विल उडी मारून पुढे येतो,
कर्त्याला मागे सारून दारात उभा:
येणार का? राहणार का?

राहणार का. इथे मेब्रहतू पेन खाली ठेवतो.
सातवं वाक्य: मी इथे, मग रिकामी जागा, मग कंसात राहणे.
तो खिशातून पत्र काढतो,
घड्या पडून पडून कापडासारखं मऊ झालेलं.
एकोणीस महिने.
त्यात तो शब्द चारदा आहे. चारही वेळा खाली
त्यानं पेन्सिलीनं रेघ मारली आहे.
निर्णय घेण्यात येईल. आपणांस कळविण्यात येईल.
"कोण घेईल?" तो विचारतो. "वाक्यात माणूस नाही."
ग्लेनिस चष्मा काढते, पुसते, परत लावते.
"ह्याला कर्मणी म्हणतात," ती म्हणते.
"ते पुढच्या टर्मला आहे."

तेवढ्यात कोपऱ्यातला हीटर कण्हतो
आणि विझतो. फेब्रुवारी.
केअरटेकर आठपर्यंत फिरकत नाही. सगळे कोट चढवू लागतात.
"आय विल लुक," म्हणत मेब्रहतू उठतो.
अस्माऱ्यात तो बसची इंजिनं उघडायचा.
ग्लेनिसचा खडू हवेत थांबतो. "काय म्हणालास? पुन्हा म्हण!"
पण तो गुडघ्यांवर, दाताखाली स्क्रू,
नाण्यानं झाकण सैल करतोय,
काय म्हणालो ते त्याच्या गावीही नाही.

पान त्रेचाळीस: बोलता बोलता, त्याच क्षणी
घेतलेला निर्णय. तिथेही विल.
आमच्यात ह्याला नुसतं "बघतो" म्हणतात,
वर्तमानकाळात, कारण म्हणेपर्यंत
माणूस उठलेला असतो.

जळक्या धुळीचा वास आला. एक पट्टी लाल झाली,
दुसरी नाही झाली.
सातवं वाक्य त्यानं कोरंच दिलं.
ग्लेनिसनं बरोबरची खूण केली नाही, फुलीही मारली नाही,
कागद उलटा करून ठेवला.

बाहेर हंबरवरून कापरा वारा.
थांब्यावर तीऊ म्हणते, "उद्या मी सहाला काम करते."
ग्लेनिस तोंड उघडते, मिटते.
खांबावरच्या वेळापत्रकाप्रमाणे
बस आठ दहाला सुटते,
साध्या वर्तमानकाळात.
आठ सतरा झालेत.