खिंडीखालचा डबा

खिंडीच्या अलीकडे, शेवटून दुसऱ्या वळणाला,
जिथे खडीचा रस्ता पन्हळी पत्र्यासारखा होतो,
तिथे आमचा नमद्याचा तंबू.
घोड्या नऊ. मेंढ्या मोजू नयेत म्हणतात.

मोटारसायकल आधी ऐकू येते,
मग धुरळा,
माणूस सगळ्यांत शेवटी.
तोक्तोसुन कान देऊन सांगतो: दोन सिलिंडर, साखळी सैल.
तीस वर्षं त्यानं याच घाटात ग्रेडर चालवला;
सोमवारी सपाट केलेला रस्ता
शुक्रवारपर्यंत पुन्हा आपल्या मनासारखा व्हायचा.
रस्त्याशी त्याचं भांडण अजून मिटलेलं नाही,
फक्त पेन्शन सुरू झालीय.

ते उतरतात, हेल्मेट काढतात,
आणि एकदम लहान होतात.
हात थरथरत असतात,
कुमिसचा वाडगा दिला तर आपोआप घुसळला जातो.
मग खालच्या तळ्याकडे बोट दाखवून
आपापल्या भाषेत एकच शब्द म्हणतात.
मीही मान डोलावते.
त्या तळ्यात माझा धाकटा दीर गेला, घोड्यासकट.
तरी तळं सुंदर आहे, हे खोटं कसं म्हणू.

हा रस्ता कुणाला फुकट सोडत नाही.
ते गेले की नातू बाइसाल
दोरीला लोहचुंबक बांधून वळणावळणानं हिंडतो,
कुत्रं फिरवावं तसा.
बिस्किटांच्या डब्यात जमा:
बोल्ट, वॉशर, स्प्रिंगा, अर्धा आरसा,
क्लचचा एक अख्खा दांडा,
आणि सोन्याची टोपी घातलेली एक दाढ.
ती चुंबकाला नाही, माझ्या बुटाला लागली.
मागायला अजून कुणी आलेलं नाही.

यंदा ऑगस्टमध्ये बोगुमिला आली.
साठीची, पोलंडची, एकटी.
गाडी ढकलत आली,
म्हणून या खेपेला माणूस आधी दिसलं.
खडीत आडवी झाली होती,
क्लचचा दांडा मुळापासून तुटलेला.
मी नमद्यावर डबा उपडा केला.
दांडा मिळाला, पण भोक केसभर चुकत होतं.
तोक्तोसुननं घोड्यांच्या खुरांची कानस काढली
आणि दुपारभर घासत बसला,
जीभ दातांत धरून, शाळकरी पोरासारखा.

जाताना ती पैसे काढू लागली. नको म्हटलं.
मग तिनं मागच्या सीटवर थाप मारली.

या खिंडीवरून मी किती वेळा गेले असेन:
कळपामागून;
सून अडली तेव्हा ट्रकमधून;
सासूला पुरायला नेताना, तिचं डोकं मांडीवर घेऊन.
नुसतं जायचं म्हणून
गेले नव्हते कधी.

खडी पायांखालून पळत होती पाण्यासारखी.
मागचं चाक मधेच बाजूला सरकायचं,
माशी बसली की घोडी कातडी थरथरवते, तसं,
आणि पुन्हा आपल्या जागी.
मी तळं बघितलं नाही.
तिच्या जाकिटाची शिवण बघत होते,
खांद्याशी उसवलेली, सहा टाके.
ती मनात शिवत शिवत वर गेले.
वर वारा. दोघी हसलो कशाला तरी.
ती पलीकडे उतरली,
मी अलीकडे, चालत.

तिसऱ्या वळणावर बोल्ट सापडला.
चकचकीत, धूळही न बसलेला.
ओरडून उपयोग नव्हता,
आवाज केव्हाच नारीनच्या बाजूला उतरून गेला होता.

तोक्तोसुननं तो उलटासुलटा करून पाहिला,
उजेडाकडे धरला, बराच वेळ.
म्हणाला, महत्त्वाचा नाही.

पण तो सगळ्याच बोल्टांना तसं म्हणतो.