स्थळ

रंगावर जाऊ नकोस, रोस्विता.
रंग म्हणजे पाहुण्यांसमोर घातलेला झगा.
हा जांभळा, हा हिरवा, हा जवळजवळ पांढरा –
तिन्ही फ्लोराइट.
आणि हे तीन काळे सख्खे भाऊ वाटतात ना,
त्यांची एकमेकांशी ओळखसुद्धा नाही.

ती फुटकी फरशी दे. गुळगुळीत बाजू नको, पाठ.
शाळेच्या न्हाणीघरातून आणली होती जोसाफातनं,
विचारून आणली का, हे मी विचारलं नाही.
घास. जोर लाव.
पहिला काळा, रेघ मात्र गेरूची. हेमटाइट.
दुसऱ्याची रेघ काळी, आणि हा बघ
रेडिओतून काढलेला लोहचुंबक धावतच गेला त्याच्याकडे.
तिसरा रेघ देत नाही, फरशीलाच ओरखडतो.
तो शॉर्ल, टूरमलीनच्या घरचा.
दिसणं चारचौघांसाठी असतं,
कस निघतो तो पाठीवर.

आता डोळे मीट.
नख फिरव. उभ्या रेघा लागल्या तर टूरमलीन,
आडव्या लागल्या तर क्वार्ट्झ.
वीज गेलेल्या रात्री मी अख्खी पाटी अशी निवडली आहे.

हे दोन निळे तळहातावर तोल.
हलका तो बेरिल. तेवढाच असून
हात खाली नेतो तो पुष्कराज.
एकदा स्वाकोपमुंडच्या व्यापाऱ्यानं
मूठभर पुष्कराज काचेच्या भावात नेले माझ्याकडून,
वर थंड पाण्याची बाटली दिली, थँक्यू म्हणाला.
त्या दिवसापासून तोलते.
शिकवणी महाग पडली, पण पाठ झाली.

विंडहुकच्या संग्रहालयातला माणूस आला होता,
जाड चष्मा, बुटात वाळू.
म्हणाला, आम्ही दगड कुळांनी लावतो.
लोखंड काय, कुठंही नांदतं:
गंधकाच्या घरी, ऑक्सिजनच्या घरी, कार्बोनेटच्या घरी.
ज्या घरी नांदेल त्या घरचं आडनाव.
मी म्हटलं, मीही तीन घरी नांदले,
आडनाव बापाचंच राहिलं.
तो हसला नाही. वहीत काहीतरी लिहिलं त्यानं.
मग त्यानं या चिठ्ठ्या दिल्या, छापील.
नाव. कुळ. वजन. स्थळ.
म्हणाला, स्थळ नसेल तर दगड नुसता सुंदर.

हा घे. सांभाळून.
टोकाला हिरवा, मध्ये गुलाबी,
बुडाशी पुन्हा अंधार.
नाव तुला आता येतं. कुळ मी सांगते: सिलिकेट.
वजन किराणा दुकानातल्या काट्यावर करून आणलंय.
स्थळ जोसाफातला माहीत.

प्रत्येक वेळी वेगळं सांगायचा तो.
कधी मोठ्या खडकाच्या मागे, कधी नदीपलीकडे,
कधी बबून दाखवतात म्हणायचा.
खड्डा सांगितला की खड्डा गेला,
हे त्याचंही खरंच होतं.
मग दोर तुटला.
उसाकोसच्या भिंतीला टेकून बसतो आता,
भाकरी दिली तर खातो, हाक मारली तर बघतो.
बोलत नाही.

गेल्या रविवारी हा दगड हातात ठेवला त्याच्या.
तोलला त्यानं.
नख फिरवलं, उभं.
आणि अंगठा सरळ बुडावर गेला, रोस्विता,
जिथून तो कातळातून सुटलाय त्या खरबरीत जागेवर,
आणि तिथंच राहिला. किती तरी वेळ.
मी चिठ्ठी आणि पेन पुढं केलं होतं.
माझीच मला लाज वाटली.

लोक म्हणतात, एरोंगो लिही, सगळा डोंगर सारखाच.
कॅल्साइट क्वार्ट्झ म्हणून विकणारे पण हेच लोक,
व्हिनेगरचा थेंब टाकला की फसफसतं त्यांचं खरं.

गाडी थांबतेय बघ, पांढरी, भाड्याची.
फ्लोराइट पुढं घे, त्यांना रंग आवडतात.
हा फडक्यात गुंडाळ.
रकाना कोरा राहू दे,
आणि पेनाला टोपण लाव आधी,
वाळूनं सुकतं.