मानशीचं दार

लहानपणापासून घरात एकच ताकीद:
जर-तरच्या गोष्टी नकोत.
आणि आता दुसऱ्या वर्षाला
विविक्त गणिताचा अख्खा पेपर
जर-तरचा.

रिबेलो मॅडम फळ्यावर चार ओळींचा तक्ता काढतात,
मधोमध खडूचा बाण.
खऱ्यातून खरं निघालं तर खरं.
खऱ्यातून खोटं निघालं तर खोटं.
इथवर ठीक, पणजीच्या मासळी बाजारातही एवढं कळतं.
मग म्हणतात,
सुरुवातच खोटी असेल
तर पुढे काहीही येऊ द्या,
विधान खरंच.
पंखा फिरत राहतो.
मागच्या बाकावर सावियो वही मिटतो.

मला मात्र म्हण आठवते.
आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं.
मिशा नाहीत, म्हणून विधान खरं,
मग तिला काका म्हणा की म्हणू नका.
चाचणीत हे मी उदाहरण म्हणून लिहिलं, मराठीत.
मॅडमनी तांबड्या शाईने समासात विचारलं: हे काय?
मी उभी राहून सांगितलं. त्या पोट धरून हसल्या,
अर्धा गुण वाढवला.
अडचण एवढीच की आमच्या शेवंती आत्याला
ओठावर चार केस आहेत खरे,
चवथीच्या आधी ती ते दोऱ्याने काढते,
आरसा खिडकीला टेकवून.
ते मी लिहिलं नाही.

वाढवून वीसपैकी साडेसात.
चोडणच्या फेरीबोटीत कठड्याला टेकून
चौथा प्रश्न पुन्हा वाचला:
जर क तर ख. मग जर ख तर क?
मी लिहिलं होतं, होय, उघड आहे.
'उघड आहे'खाली दोन रेघा.
रायबंदर मागे सरत होतं,
स्कूटरवाल्याची पोयांची पिशवी माझ्या गुडघ्याला गरम लागत होती.

बाबा मानशीवर होते.
मानस म्हणजे मन नव्हे,
पणजीच्या मैत्रिणींना दर वेळी सांगावं लागतं.
खाजनाच्या बांधातलं लाकडी दार:
ओहोटीला शेतातलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं,
भरतीला नदी स्वतःच ते लोटून घेते.
एकाच बाजूचा बाण,
पावसाळ्यात शेवाळ धरलेला.

मी विचारलं, दार धड असलं तर शेत गोडं राहतं ना?
राहतं.
मग शेत गोडं असलं तर दार धड?
ते जाळ्यातली सुंगटं निवडत होते,
बारकी परत पाण्यात टाकत.
"कोण म्हणालं? भांगाचं पाणी असेल,
चढलंच नसेल वर.
बाबल असाच झोपला आठ दिस, शेत गोडं बघून.
पुनवेच्या उधाणाला कळलं,
दार कधीचं कुजलेलं."

एक प्रतिउदाहरण.
तीन गुण होते त्याला.

आणि शेत खारट झालं तर?
त्यांनी बॅटरी खालच्या कोपऱ्याकडे वळवली,
जिथे तीन वर्षं
कोरगूटसुद्धा धरत नाही.
तेवढं उलट मात्र चालतं,
ते सिद्ध करायला मॅडम लागत नाहीत.
बॅटरी त्यांनी लगेच विझवली.

रात्री आत्या सुंगटं सोलत बसली.
मी ताटाच्या कडेला वही टेकवून
ख आणि क खोडत होते.
किती गुण, तिने विचारलं. सांगितले.
ती थोडा वेळ काही बोलली नाही,
मग ओल्या मनगटाने ओठ पुसून म्हणाली,
यंदा पास झालीस
तर मिशी ठेवीन बघ चवथीला.
बाबा ओसरीवरून हसले.

मी मनातल्या मनात तक्ता मांडला.
नापास झाले तर आत्याचा शब्द खराच,
दोन्ही ओळींत.
खोटी पडायला तिला एकच जागा आहे:
मी पास,
आणि खिडकीत आरसा,
तिच्या दातांत दोऱ्याचं टोक.