आटायची सूट

लोखंड ओतायच्या आधी लाकूड लागतं.
तीस वर्षं उद्यमनगरात हेच करतोय मी.
पंपाच्या बॉडीचा पॅटर्न, सागवानाचा,
रंधा, पॉलिशपेपर, वर लाल रंग.
तो वाळूत दाबायचा, अलगद उचलायचा,
आणि जी पोकळी उरते
तीच उद्या लोखंड होते.

हे मुजावर मॅडमना मी सांगितलं नव्हतं.
सीपीआरच्या ओपीडीत, कुरकुरत्या पंख्याखाली,
माझ्या साखरेचा कागद दुमडत त्याच म्हणाल्या,
"सुतारकाका, काय खायचं नाही ते राहू दे.
उद्या सकाळी आठ वाजता तुम्ही कुठं असता?
डोळे मिटून सांगा."

मिटले.
पत्र्याची शेड. बाकावर इलाही, आधीच येऊन बसलेला.
ब्रेडच्या चार स्लाइस, पितळीत फरसाण,
आणि माझाच आवाज: जादा कट दे रे.
ओपीडीत तोंडाला पाणी सुटलं.

"बघा, बाकसुद्धा दिसला तुम्हाला," त्या हसल्या.
"आता त्याच बाकावर दुसरं जेवण ठेवा."

घरी येऊन ठेवायला बसलो.
भाकरी आणली, ती विरली.
मेथी आणली, तिला चवच येईना, नुसता हिरवा रंग.
मग धंद्याचं डोकं चालवलं. आधी माप.
डबा केवढा, झाकणाला पोचा कुठल्या बाजूला,
भाकरीच्या कडेचा करपलेला ठिपका,
कपिलतीर्थातली काकडी,
तिचं टोक कापून कांचन घासते तेव्हा येणारा फेस,
लसणाची चटणी, बोटाला जेमतेम लागणारं तेल.
एवढं सगळं दिसलं
तेव्हा कुठं जरा भूक लागली.

मग एक वाक्य बसवलं, दाराला बिजागरी बसवावी तसं:
इलाहीनं हाक मारली, की म्हणायचं,
चहा घेऊ, बिनसाखरेचा. डबा आणलाय.
रात्री दहा-दहा वेळा म्हटलं, मनात.
गुरुवार, शुक्रवार, शनिवार. चाललं.
इलाही म्हणाला, "व्हय? बघू काय आणलंस,"
आणि अर्धी भाकरी त्यानंच खाल्ली.

रविवारी मेव्हण्याच्या नातवाचं जावळ, कळंब्यात.
माझ्या डोळ्यांतल्या आठवड्यात
जावळ नव्हतंच.
पांढरा तीन वाट्या. तांबडा, मोजतंय कोण.
दुसऱ्या दिवशी डबा नेला नाही.
तिसऱ्या दिवशीही मिसळ,
शरमेची,
म्हणून आणखीच जादा कट.

बुधवारी रंधा मारता मारता हात थांबला.
नव्या पोराला, सुशांतला, मी ओरडत होतो:
"मापाएवढा पॅटर्न करतोस व्हय रं?
लोखंड थंड होताना आटतंय.
फुटाला अष्टमांश इंच जादा धर,
नाहीतर सगळा माल रिजेक्ट."
आणि स्वतःचा आठवडा
मी नेमक्या मापाचा कापला होता.

आता रात्री पडलो की
जावळं, बारशी, पाहुणे धरूनच आठवडा बघतो.
पंगतीत मी दिसतो मला.
पहिली वाटी पांढरा, सावकाश,
तिळाचा, खोबऱ्याचा घोट वेगळा लागेपर्यंत.
मग वाढप्याच्या पळीवर आडवा हात.
वाढपी म्हणतो, "काय पाहुणं, लाजताय?"
त्याचं उत्तर अजून बसलेलं नाही.
दोन-तीन केली, कच्ची निघाली.

साखर किती उतरली ते पुढच्या महिन्यात कळेल.
चुकलो तर वाळू पुन्हा चाळायची,
वाळूला काय, ती कितीदाही साचा घेते.

काल दिवा मालवता मालवता कांचननं विचारलं,
"डोळं मिटून तोंड कसलं हलवताय?"
म्हटलं, "थांब जरा,
मेथी निवडतोय."