असेल तर

तांबोळीचा फोन. पाषाणच्या लॅबमधल्या जुन्या मशीनवर
बिल्ड अडकलंय.
“आवाजाची लायब्ररी मागतंय, मॅडम.
आम्ही तर ‘नको’ लिहून दिलं होतं.”

माझ्याकडे तर होतंय, मी म्हटलं.
हे वाक्य मी सोळा वर्षं म्हणते आहे
आणि दर वेळी ते खरंच असतं.

रात्री अकरा, कर्वेनगर. खाली गल्लीत
कुणीतरी ॲक्टिव्हाला किक मारतंय, मारतंय.
मी कॉन्फिगर स्क्रिप्ट उघडते.
निम्म्या ओळी माझ्या नाहीत,
उरलेल्या माझ्या वाटत नाहीत.

ओळ दोनशे बारा:
आवाजाबद्दल कुणी काही बोललं का?
बोललं असेल, तर हो.
काय बोललं, ते विचारलेलंच नाही.

नारायण पेठेतल्या मेसमध्ये सोपानकाका ताक वाढायचे.
वाटीवर हात आडवा धरून “नको, नको” म्हटलं
की हात बाजूला सारून वाटी काठोकाठ.
त्यांना तेवढे ओठ हललेले दिसायचे.
माझ्या शेजारची निर्झरा बर्गे कधी बोलायची नाही.
तिला ताक आवडायचं.

हवंच.
नको.
आणि गप्प राहणं, म्हणजे
असेल तर घाल, नसेल तर माझ्यासाठी खोळंबू नकोस.
हे तिसरं मी कधी नीट लिहिलंच नव्हतं.

शिवाय खाली आणखी एक:
हेडर फाइल सापडली की लायब्ररी आहे असं धरलेलं.
म्हणजे दारावर पाटी, म्हणजे माणूस घरात.
आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर
अजून ‘डॉ. वि. ना. खरे’ आहे.
बेल वाजवून बघायला हवी होती,
एक छोटा प्रोग्राम जोडून, जुळतो का ते.

दोन्ही ओळी बदलल्या. पण तपासू कुठे?
माझ्या मशीनवर सगळंच आहे.
शेवटी लायब्ररी काढून टाकली.
त्यानं विचारलं, नक्की?
हो म्हटलं. ते मात्र लगेच ऐकलं.

आवाज… नाही.
आणि स्क्रिप्ट थांबली नाही. पुढची ओळ,
चित्र… आहे.
मी उगाच तीनदा चालवून पाहिली.

तांबोळीला पाठवलं. अंगठा आला, पावणेदोनला.
झोपत नाही का हा माणूस?

सकाळी गाणं लावलं तर लागेना.
स्पीकर पाहिला, वायर हलवली,
मग आठवलं, परत टाकायचं राहिलंय.
चहा उतू जात होता.
राहू दे, संध्याकाळी बघू.